पथ्य एकटीचे नव्हे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण एकमेकींना पाककृती सांगतो. आज मी पाककृती सांगणार नाही. एका पानाविषयी बोलणार आहे. ते पान माझ्या धाकट्या जावेचे.

एकतीस वर्षांची असताना तिला एका डोळ्याने अंधूक दिसू लागले. काही आठवड्यांत ते बरे झाले. पुढच्या वर्षी पायाला मुंग्या आल्या, चालताना तोल जाऊ लागला. कोणी अशक्तपणा म्हणाले, कोणी बाहेरचे म्हणाले. अखेर मोठ्या शहरात तपासणी झाली आणि 'मल्टिपल स्क्लेरोसिस' हे नाव आमच्या घरात आले. शरीराचे रक्षण करणारी शक्तीच या रोगात मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांमधील तंतूंच्या आवरणावर उलटते. विजेच्या तारेवरचे वेष्टन झिजावे, तसे होते. रोग बहुधा २० ते ४० या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो. तो संसर्गाने पसरत नाही, आणि कोणाच्या पापाचे फळ तर खचितच नाही. तो मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही; परंतु १९९३ पासून त्याचे झटके कमी करणारी औषधे निघाली आहेत.

नाव कळताच घरी सल्ल्यांची रीघ लागली. एका परिचिताने तर यादीच आणून दिली: मीठ नको, दूध नको, धान्य नको, केवळ फळांचा रस. आम्ही तीन आठवडे ते पथ्य कडक पाळले. म्हणजे तिच्याकडून पाळून घेतले! ती वाळली, उठवेना. एका दुपारी ती फडताळाआड भाकरी खाताना मला दिसली आणि मी तिला रागावले. ती एवढेच म्हणाली, "अक्का, माझ्या पानात काय नसावे ते सगळ्यांनी ठरवले. मला काय झेपते ते कोणी विचारले नाही."

भगिनींनो, त्या वाक्याने माझे डोळे उघडले.

मग आम्ही डॉक्टरांनाच विचारले, थोडे वाचलेही. डॉ. रॉय स्वँक यांनी १९४८ पासून अशा रुग्णांना लोणी, साय, चरबी यांचे प्रमाण अगदी कमी असलेला आहार दिला. नॉर्वेत मासे खाणाऱ्या किनाऱ्यापेक्षा आतल्या शेतकरी भागात हा रोग अधिक आहे, असे त्यांना आढळले होते. सुमारे १५० रुग्णांची त्यांनी ३४ वर्षे नोंद ठेवली. पथ्य पाळणारे अधिक बरे राहिले असे ते म्हणत. परंतु तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून शास्त्रज्ञांनी तो पुरावा पुरेसा मानला नाही. १९७३ मध्ये सूर्यफुलाच्या तेलाचाही प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात झटके काहीसे सौम्य झाले, पण अपंगत्वात स्पष्ट फरक दिसला नाही. त्या तेलातील लिनोलेइक आम्ल आपल्या करडईच्या तेलातही भरपूर असते. म्हणून करडई हे औषध ठरत नाही. सारांश असा की कोणताही आहार हा रोग बरा करतो असे सिद्ध झालेले नाही. औषध सोडून पथ्य करणे धोक्याचे आहे. पण चांगल्या आहाराने अंगात बळ राहते, वजन आटोक्यात राहते, पोट साफ राहते. हे थोडे का आहे?

आता आमच्या स्वयंपाकघरात काय बदलले ते सांगते. पहिली गोष्ट, वेगळे पान बंद केले. तिच्यासाठी जे चांगले ते सर्वांसाठी. वनस्पती तूप गेले, तळण सणापुरते उरले. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, मटकीची उसळ, चुका, तांदुळजा, जवसाची चटणी हे तर आपलेच अन्न! सासूबाई प्रथम कुरकुरल्या. आता त्याच भाजी निवडतात. दूध आम्ही तोडले नाही, कारण शाकाहारी घरात ब-१२ जीवनसत्त्व मुख्यतः त्यातूनच मिळते. ड जीवनसत्त्व मात्र रक्त तपासून, डॉक्टर सांगतील तेवढेच.

दुसरी गोष्ट पाण्याची. या रोगात लघवी धरवत नाही, म्हणून बायका पाणीच पिणे सोडतात. आपल्या जिल्ह्यात टंचाई, त्यात संडास दूर! मग बद्धकोष्ठ होते, मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होतो. आम्ही तिची खाट मोरीजवळच्या खोलीत हलविली आणि भिंतीला धरायला दांडा बसविला. त्यानंतर तांब्या आपोआप रिकामा होऊ लागला. पथ्याच्या कोणत्याही यादीत हा दांडा नव्हता!

तिसरी गोष्ट उष्णतेची. उन्हाने व चुलीच्या धगीने तिची दृष्टी आणि पाय तात्पुरते अधिक दुबळे होतात. म्हणून वैशाखात तिचा स्वयंपाक पहाटे, तोही बसून. थकवा हा आळस नव्हे, हे आम्हाला फार उशिरा कळले. कडक उपासही आता आम्ही तिच्यावर लादत नाही. देव समजून घेतो, शेजारणींनीही घ्यावे. गिळताना ठसका लागू लागला तर मात्र घरगुती उपाय न करता डॉक्टरांना सांगावे.

या रुग्णांसाठी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून काम करीत आहे. मुंबई-पुण्यात तिच्या शाखा आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या रोगाचे नाव आहे. हात-पाय बधिर होणे किंवा अंधूक दिसणे अंगावर काढू नका. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, तेथे दाखवा.

मंडळापुढे माझी एकच विनंती आहे. आजारी मैत्रिणीकडे जाताना नवी यादी नेऊ नका. "आज तुला काय करून देऊ?" एवढेच विचारा, आणि ती सांगेल ते करून तिच्याबरोबर बसून जेवा.

माझी जाऊ आज इथे, मागच्या खुर्चीवर बसली आहे. हे सारे सांगण्याची परवानगी तिनेच दिली. आजच्या अल्पोपाहाराची मटकीही तिनेच निवडली आहे. ती आपण सर्वजणी मिळून खाऊ.

जय हिंद.