जयंती घरातली
(रनाळे येथे जयंतीच्या आदल्या रात्री केलेलं भाषण)



मी मॅट्रिक झालेला माणूस. मुंबईच्या गोदीत ओझी उचलतो, रात्री कविता लिहितो. भाषण मला येत नाही. जे खांद्यावर पडलं तेवढंच सांगतो.

उद्या आपण निळे झेंडे लावू, नाचू. नाचा! ज्यांना रस्त्यावरून चालू दिलं नाही त्यांनी भररस्त्यात नाचणं हाही विद्रोहच. १९२८ साली जनार्दन रणपिसे यांनी पुण्यात जयंती सार्वजनिक केली, तेव्हापासून तो रस्ता आपण सोडला नाही. २०२० साली मात्र तो रस्ताच बंद झाला. मला त्या जयंतीबद्दल बोलायचंय.

मार्चात मी चार दिवसांसाठी गावी आलो आणि रेल्वे थांबली. ठेकेदाराने फोन उचलणं सोडलं. १४ एप्रिलला सकाळी दहा वाजता टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याचं पंतप्रधानांनी सांगितलं. जयंती घरातच करा, असं आपलेही पुढारी सांगत होते. आणि त्याच दुपारी वांद्रे स्टेशनबाहेर मजुरांची ही गर्दी! त्यांनाही घरीच जायचं होतं. त्यांच्यावर लाठ्या पडल्या. घरी बसा म्हणणं सोपं असतं, पण आधी घर लागतं ना भाऊ!

गोदीत या तारखेला आणखी एक जखम आहे. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज फुटलं. पोटात कापूस, सोनं आणि दारूगोळा. आग विझवणारे ६६ जवान गेले, त्यांचा दिवस देशभर पाळतात. शेकडो माणसं मेली, त्यांत माझ्यासारखे ओझी उचलणारेही होते. त्यांची नावं मला कुणी सांगितली नाहीत. त्या दिवशी बाबासाहेब त्रेपन्न वर्षांचे झाले होते, आणि व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं त्यांच्याकडेच होतं. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला तो १९४६ च्या कायद्याने, त्यांच्याच कारकिर्दीत. मी हे सगळं पाठ करून बसलो होतो. घरात ऐकवायला.

फुलं कुठून आणणार? आई म्हणाली, "फुलं नही भेटनात ते काय व्हयनं? दारमा निम शे ना." तिने निंबाच्या मोहोराचा हार ओवला. बहिणीने संविधानातलं सतरावं कलम वाचलं, अस्पृश्यता नष्ट केल्याचं. मी माझं गोदीपुराण सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हाई ते बाहेरनं व्हयनं. घरनं काय लिखेल शे?"

दोस्तांनो, माझी बोबडी वळली.

कारण आदल्याच रात्री बाप आणि मी बसून ठरवलं होतं. पगार बंद, घरात दाणा नाही, तर टाळेबंदी उठली की पोरीचं उरकून टाकू. पोरगी सोळा वर्षांची. क्रांतीच्या कविता लिहिणारा हा कवी त्याला हो म्हणाला होता! तिला कुणी विचारलं नव्हतं. आईलाही नाही.

घरचं काय लिहिलंय? लेकीला वारसा हवा, नवऱ्याच्या जाचातून सुटायचा हक्क हवा म्हणून बाबासाहेब हिंदू कोड बिलासाठी भांडले. ते बिल अडवलं गेलं, आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं. बाईच्या हक्कासाठी बाप खुर्ची लाथाडतो, आणि त्याची लेकरं बहिणीला ओझं समजून उतरवतात! मी रोज ओझी उतरवतो. माझी बहीण ओझं नाही, एवढं कळायला मला टाळेबंदी लागली.

त्या संध्याकाळी बापाशी भांडण झालं. दोन दिवस तो बोलला नाही. लग्न मात्र झालं नाही. कर्ज काढलं, ते अजून फेडतोय. ती आज नर्सिंग शिकतेय.

३१ जुलै १९३७ ला बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले, तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यावर उतरले होते. दरवर्षी आपण गाड्या भरून तिथे जातो. जायलाच पाहिजे. पण आपल्या घरात ते फक्त भिंतीवर उतरलेत. खाली आईबहीण काय सोसते ते बघत टांगलेत.

तर उद्या नाचा. पण नाचायला निघण्याआधी घरात बसा. आईला समोर बसवा, आधी तिला जेवू घाला, आणि विचारा, या घरात तुझं काय चालतं? उत्तर झोंबेल. ते घेऊन मग मिरवणुकीला या.

जयभीम!