बिअरसाठी तपासलेलं पाणी
विस्कॉन्सिनमधल्या आमच्या घराला बोअरचं पाणी. घरी केलेली पहिली बिअर तुरट झाली. माल्ट भिजवताना पीएच 5.2 ते 5.6 हवा, बायकार्बोनेट जास्त असलं की तो वर जातो आणि टरफलातलं टॅनिन उतरतं. उपाय सोपा: पाणी उकळा, निवू द्या, तळाचा चुना सोडून वरचं घ्या, गरजेपुरतं लॅक्टिक ॲसिड घाला.

पण त्यासाठी पाणी लॅबला दिलं, तर नायट्रेट-नायट्रोजन लिटरला 14 मिलिग्रॅम! मर्यादा 10. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटतं तसं वाढतं. आणि दोन महिन्यांच्या लेकीची दुधाची पावडर आम्ही त्याच पाण्यात कालवत होतो. लेक ठणठणीत आहे, आता आरओ बसवलाय. बिअरचं नंतर बघा हो, आधी पाणी तपासा.