इंग्रजी व्याकरणाचा सराव : घराघरांतून व्हावयाचे कार्य

(विद्यार्थी गुणगौरव समारंभात दिलेले व्याख्यान)



ज्या विद्यार्थ्यांचा आज येथे गौरव झाला, त्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. तथापि आमचे आजचे निवेदन मुख्यतः या व्यासपीठावर न आलेल्या मुलामुलींविषयी आहे. गणितात व विज्ञानात बरी असणारी कित्येक मुले ‘इंग्रजी आपल्याला झेपणार नाही’ असे म्हणून पुढील शिक्षणाच्या वाटेवरून आपण होऊन माघारी फिरतात. ही हानी एकेका घराची असते, तशीच ती साऱ्या समाजाचीही असते.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाऊ लागले. त्यापूर्वी ते पाचवीपासून असे. म्हणजे आजचा दहावीचा विद्यार्थी दहा वर्षे ही भाषा शिकलेला असतो. तरीही त्याला स्वतःची पाच वाक्ये निर्धास्तपणे लिहिता येत नाहीत, तेव्हा दोष त्याच्या बुद्धीला दिला जातो. आमच्या मते हा अन्याय होय. मुलाच्या पुष्कळशा चुका त्याला मराठीचे नियम उत्तम अवगत असल्यामुळे होतात. ते नियम तो इंग्रजीलाही लावून पाहतो, इतकेच. १९६७ साली पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञाने आपल्या एका निबंधात हाच विचार मांडला, की विद्यार्थ्याची चूक ही त्याच्या शिकण्याची खूण असून तिच्यावरून त्याच्या मनातील नियम शिक्षकाला ओळखता येतो.

काही उदाहरणे पाहू. ‘वाघाने बकरी मारली’ आणि ‘बकरी वाघाने मारली’ या दोन्ही वाक्यांत मरते ती बकरीच; कारण ‘ने’ हा प्रत्यय कर्ता कोण ते सांगतो. इंग्रजीत नामाला असा प्रत्यय नाही. तेथे शब्दाची जागाच प्रत्ययाचे काम करते. ‘द टायगर किल्ड द गोट’ या वाक्यातील दोन नामांची अदलाबदल केली, की बकरी वाघाला मारते! म्हणून कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रम मुलाच्या जिभेवर बसणे ही पहिली पायरी होय.

दुसरे उदाहरण प्रश्नाचे. ‘तू काल शाळेत गेलास का?’ यात भूतकाळ क्रियापदात आहे आणि ‘का’ केवळ प्रश्न दाखवतो. या सवयीने मूल ‘डिड यू वेंट?’ असे लिहिते. इंग्रजीत ‘डिड’ हा शब्द प्रश्न आणि भूतकाळ ही दोन्ही ओझी एकटा उचलतो. मग मूळ क्रियापदाने मूळ रूपातच राहावयाचे, म्हणजे ‘डिड यू गो?’ कारण एवढे समजले, की नियम पाठ करण्याचे कष्ट निम्मे होतात.

तिसरे उदाहरण ‘असणे’ या क्रियापदाचे. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याजवळ पेन आहे’, ‘मला ताप आहे’ ही आपली तीन निरनिराळी वाक्ये इंग्रजीत ‘आय हॅव’ या एकाच दारातून आत जातात. याउलट ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांना मराठीत जोडच नाही. ‘मी कुत्रा पाहिला. कुत्रा भुंकत होता.’ येथे प्रथम आलेला कुत्रा ‘अ डॉग’ आणि ओळख झाल्यानंतरचा तोच कुत्रा ‘द डॉग’. जे मातृभाषेत नाही ते कानाला खटकत नाही, म्हणून उपपदे सर्वांत शेवटी स्थिरावतात. तेथे पालकांनी अधिक धीर धरावा.

सर्वच चुका मराठीतून येतात असे मात्र नव्हे. ‘गो’ याचे भूतकाळी रूप ‘गोड’ असावे असे इंग्रजी घरातल्या लहान बालकासही वाटते आणि तेही तसे बोलते. असे अनियमित शब्द पुनःपुन्हा वाचूनच अंगवळणी पडतात.

आता सरावाविषयी. रिकाम्या जागा भरण्याने गुण मिळतात, परंतु वाक्य रचण्याची शक्ती येत नाही; कारण तेथे वाक्य दुसऱ्याने आधीच रचून ठेवलेले असते. मागील पिढ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर हात बसवला, त्यात विद्यार्थ्याला संपूर्ण वाक्य स्वतः घडवावे लागे. हल्ली मोबाईलवर भाषांतर तयार मिळते. उत्तर ताडून पाहण्यास ते साधन उपयोगी आहे. मात्र आधी स्वतःचे वाक्य लिहून झालेले असावे.

आमची सूचना अगदी साधी आहे. एका आठवड्यात एकच नियम घ्यावा. रोज आपल्याच घरातील गोष्टींवर पाच वाक्ये लिहावीत, आणि प्रत्येक वाक्य चार रूपांत फिरवावे. ‘माय मदर मेक्स टी’ हे होकारार्थी. ‘माय मदर डज नॉट मेक टी’ हे नकारार्थी. ‘डज माय मदर मेक टी?’ हा प्रश्न. आणि ‘माय मदर मेड टी यस्टर्डे’ हा भूतकाळ. ‘मेक्स’मधला ‘स’ पुढच्या दोन वाक्यांत ‘डज’मध्ये कसा जाऊन बसला, हे मुलाला स्वतः शोधू द्यावे. लिहिलेले मोठ्याने वाचावे. आठवड्याने व पुन्हा महिन्याने तेच वाक्य न पाहता लिहावे. कारण विसरू लागलेले पुन्हा आठवण्याचे श्रम केले म्हणजे ते पक्के होते. वही तपासणाऱ्याने त्या आठवड्याच्या नियमाचीच चूक दाखवावी. सगळे पान तांबड्या शाईने भरले, की मूल लिहिणेच टाळू लागते.

येथे माताभगिनी म्हणतील, ‘आम्हांलाच इंग्रजी येत नाही, आम्ही काय करणार?’ भगिनींनो, वाक्याची शुद्धता शिक्षक पाहतील. तुम्ही मुलाला वाक्य वाचावयास सांगा आणि मराठीत तीनच प्रश्न विचारा : कोण? काय करते? आज की काल? तो अडखळला, तर वाक्य त्याला अजून उमगलेले नाही, हे तुम्हांला तत्काळ कळेल. मुख्य म्हणजे रोज पंधरा मिनिटे त्याच्याजवळ बसणारे कोणी आहे, एवढ्यानेही त्याला उभारी येते. त्याच्या चुकीला घरात कोणी हसू नये, ही दक्षता मात्र सर्वांनी घ्यावी. हसण्याने गेलेला धीर परत आणणे फार कठीण असते.

संस्थेस आमची एक नम्र विनंती आहे. शिष्यवृत्त्या व पारितोषिके आपण देतोच. त्याबरोबर आठवड्यातून एक तास महाविद्यालयातील मुलामुलींनी शाळकरी भावंडांच्या या वह्या पाहण्याची व्यवस्था करावी. खर्च काही नाही. एक खोली, एक फळा आणि नियमितपणा एवढे पुरे. पाहणाऱ्याचेही ज्ञान त्यातून दृढ होईल.

इंग्रजी ही कोणाच्या कुळाची मिरास नव्हे. रोजच्या पाच वाक्यांनी ती आपल्या मुलांना खात्रीने साध्य होईल.