करपलेली भाकरी



मुलामुलींनो, सकाळी तुमच्या कॉलेजच्या स्पर्धेतल्या सगळ्या शॉर्टफिल्म पाहिल्या. त्यातली एक डोळ्यांपुढून हलत नाही. रात्रीची मुक्कामी एसटी गावात येऊन थांबते, गाडी रिकामी होते आणि कंडक्टरकाका सीटखाली हात घालून कुणाचा तरी विसरलेला जेवणाचा डबा बाहेर काढतात. डबा कुणाचा, हे त्यांना ठाऊक आहे. ते तसेच अंधारात त्या घराकडे चालू लागतात. बास, एवढीच गोष्ट. पण माझं गाव मला दिसलं.

लघुपटाचं बळ हेच आहे, असं मी तीस वर्षं संकलनाच्या टेबलावर बसून मानत आलो आहे. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी काय चित्रित केलं? कुंडीतला वाटाणा! रोज थोडं थोडं चित्रण करत त्यांनी ‘अंकुराची वाढ’ केली आणि तीच दाखवून भांडवल उभं केलं. पुढे १९६७ साली एस. एन. एस. शास्त्री यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी ‘आय ॲम ट्वेंटी’ केली. १९४७ साली जन्मलेल्या, म्हणजे देशाएवढ्याच वयाच्या मुलामुलींना त्यांनी बोलतं केलं. कुणाच्या बोलण्यात उमेद आहे, कुणाच्या बोलण्यात चीड. तुमच्याच वयाची ती पोरं. ती फिल्म जरूर बघा, त्या काळचा देश तिथे भाषणं न देता भेटतो.

आणि मराठीत तर आपण श्रीमंत आहोत. उमेश कुलकर्णींच्या ‘गिरणी’त घरात पिठाची गिरणी येते आणि त्या घरघरीत एका मुलाचं घरच हरवतं. नागराज मंजुळेंच्या ‘पावसाचा निबंध’मध्ये शाळेतून पावसावर निबंध लिहायला सांगितलेला असतो आणि मुलाचं घर त्याच पावसात गळत असतं. दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्या फिल्मला. मला मात्र पुरस्कारापेक्षा ते गळणारं छप्पर जास्त आठवतं.

आता माझी एक गोष्ट सांगतो. पुण्यात शिकत असताना आम्ही चौघे माण तालुक्यातल्या एका वाडीत फिल्म करायला गेलो होतो. एक आजी चुलीपुढे ज्वारीच्या भाकरी थापत होत्या. भाकरी तव्यावर पडली, त्यांनी वरून पाण्याचा हात फिरवला आणि तेवढ्यात आम्ही म्हणालो, “आजी, जरा थांबा, लेन्स बदलतोय.” त्या थांबल्या. हात मांडीवर ठेवून गप बसून राहिल्या. भाकरी करपली. आम्ही तीही टिपली, कारण धूर फार सुंदर दिसत होता.

चार महिन्यांनी वाडीत चादर बांधून फिल्म दाखवली. सगळं गाव जमलं. आजींनी शेवटपर्यंत पाहिली आणि मग मला जवळ बोलावून हळूच विचारलं, “लेकरा, माझी भाकरी कधी करपत न्हाई. मग ती का दाखवलीस?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्यामुळे करपलेली भाकरी त्यांच्या नावावर लागली होती, तीही सगळ्या वाडीसमोर. पुण्याला परतल्यावर मी तो तुकडा कापला. मित्र भांडले. फिल्ममधलं सगळ्यात देखणं दृश्य होतं ते, हे मलाही मान्य होतं. पण बघणाऱ्याला त्यातून आजींविषयी जे कळत होतं, ते खोटं होतं.

म्हणून ती एसटीची फिल्म करणाऱ्या मुलींना मी मघाशी मुद्दाम विचारलं, “कंडक्टरकाकांनी फिल्म पाहिली का?” त्या म्हणाल्या, “नाही सर, त्यांची ड्यूटी असते.” मुलींनो, गाडी रात्री मुक्कामालाच असते ना? मग स्टँडच्या भिंतीवर दाखवू. प्रोजेक्टर मी आणतो. तारीख तुम्ही काकांना विचारून कळवा.