स्मृतिभ्रंश, वारसा आणि उंदीर



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्या गुरुजींच्या हाताखाली मी याच शाळेत मराठी व्याकरण शिकलो. तेव्हा मी भाषेवर बोलेन अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र उंदरांवर बोलणार आहे. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने प्रयोगशाळेत का डोकावावे, हे आधी सांगितले पाहिजे.

गुरुजी वर्गाची हजेरी पटाकडे न पाहता घेत असत. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्याच गुरुजींना शाळेपासून घराची वाट सापडेनाशी झाली. गाव म्हणाले, म्हातारचळ लागला. कोणी ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हसलेही. भाषेचा अभ्यासक म्हणून मला या दोन्ही शब्दप्रयोगांचा आज संकोच वाटतो. ‘स्मृतिभ्रंश’ हा गीतेतला शब्द आपल्याजवळ होता. पण तेथे तो क्रोध आणि मोह यांच्या परिणामांविषयी आला आहे. रोगाचे नाव म्हणून तो आपण फार उशिरा वापरू लागलो. गुरुजींचा आजार अल्झायमरचा आहे असे डॉक्टरांनी सांगितले, तोवर ते मला दुसऱ्याच कोणाच्या नावाने हाक मारू लागले होते.

गेल्या दिवाळीत त्यांच्या कन्येने, जी आता स्वतः साठीपुढे गेली आहे, मला विचारले, “दादा, बाबांचं हे मलाबी होणार काय ओ?” मजजवळ उत्तर नव्हते. ते शोधण्यासाठी जे वाचन केले, त्यातून मी उंदरांपाशी येऊन पोहोचलो.

जर्मनीतील डॉ. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली एका मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूत दोन गोष्टी पाहिल्या : पेशींबाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आतील धाग्यांचा गुंता. थर ॲमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे आणि गुंता टाऊ नावाच्या प्रथिनाचा, हे पुष्कळ पुढे कळले. अडचण अशी की, हा रोग विस्मरण सुरू होण्याच्या दहा-वीस वर्षे आधीच मेंदूत शिरलेला असतो. कोणाला धोका किती, हे माणसावर पाहावयाचे तर संशोधकाचेच आयुष्य सरावयाचे. उंदीर दोन-अडीच वर्षांत म्हातारा होतो.

उंदरावरून माणसाच्या रोगाचा वारसा ताडण्याची ही वाट मराठी माणसाला सर्वस्वी अपरिचित नाही. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांच्या निरनिराळ्या वाणांवर स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. तेव्हा वाण निवडून जोपासावे लागत. जनुकच बदलण्याची विद्या नंतरची.

अल्झायमरसाठी ती विद्या अपरिहार्य ठरली. उंदराला हा रोग आपोआप होतच नाही. त्याचे ॲमिलॉइड मानवी ॲमिलॉइडपेक्षा तीन ठिकाणी वेगळे असते व ते साचत नाही. म्हणून उंदराच्या फलित बीजांडात, ज्या मानवी जनुकातील दोषामुळे काही घराण्यांत हा रोग ऐन प्रौढपणी येतो, ते जनुक अतिसूक्ष्म सुईने सोडण्यात आले. १९९५ व १९९६ साली असे उंदीर जाहीर झाले. त्यांच्या मेंदूत थर दिसले आणि ते विसरूही लागले. उंदीर विसरला हे कळावे कसे? पाण्याच्या गोल हौदात पृष्ठभागाखाली एक चौथरा दडवून ठेवतात. पाणी गढूळ केलेले असते. निरोगी उंदीर भोवतालच्या खुणा ध्यानात ठेवून काही दिवसांत थेट चौथऱ्याकडे पोहू लागतो. आजारी उंदीर हौदभर फिरत राहतो. हे वर्णन वाचताना मला गुरुजींची वाट आठवली, हे लपवीत नाही. प्रयोगाअंती त्या उंदराच्या मेंदूचे काप करून पाहतात, हेही लपवू नये.

पण गुरुजींच्या कन्येचा प्रश्न अशा विरळ घराण्यांचा नव्हे. उतारवयात येणाऱ्या रोगात जे जनुक सर्वांत अधिक बोलते, त्याचे नाव एपीओई. त्याचे दोन, तीन व चार असे मुख्य प्रकार असून प्रत्येकाजवळ आईकडून एक व वडिलांकडून एक अशा दोन प्रती असतात. चौथ्या प्रकाराचा संबंध १९९३ साली उघड झाला. त्याची एक प्रत असल्यास धोका सुमारे तिप्पट होतो, दोन असल्यास त्याहून पुष्कळ अधिक. तो का वाढतो? मानवी एपीओईचे निरनिराळे प्रकार दिलेल्या उंदरांवर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने एक उत्तर दिले. चौथ्या प्रकारात ॲमिलॉइड जास्त तयार होते असे नव्हे, ते मेंदूतून निघून जाते सावकाश. अंगणात कचरा तेवढाच पडतो. झाडलोट मंदावलेली असते. मला हे फार महत्त्वाचे वाटते. हरियाणातील बल्लभगढ भागातल्या पाहणीत हा चौथा प्रकार अमेरिकेतील तुलनेच्या गटापेक्षा कमी आढळला आणि रोगही कमी. मात्र दोहोंचा परस्परसंबंध तसाच. तरीही चौथा प्रकार असून कित्येकांना रोग होत नाही, आणि नसून होतो.

उंदरांनी फसविलेही आहे. १९९९ साली एका लसीने त्यांच्या मेंदूतील थर रोखले व हटविले. जगभर आशा पालवली. माणसांवरील चाचणीत सुमारे सहा टक्के रुग्णांना मेंदूची सूज आल्याने ती २००२ साली थांबवावी लागली. या उंदरांत थर होतात, पण टाऊचा गुंता आणि पेशींचा संहार माणसासारखा होत नाही. म्हणजे रोगाचा एक अध्यायच तेथे वाचावयास मिळतो.

आपल्या देशातील उदाहरणही असेच जपून घ्यावे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात डॉ. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ व सहकाऱ्यांनी अशा उंदरांना तीस दिवस अश्वगंधेचा अर्क दिला. थर घटले, वर्तन सुधारले, आणि नवल म्हणजे हे काम मेंदूतून नव्हे तर यकृतातून झाले. हा निबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला. तो उंदरांचा आहे, माणसांचा नाही.

एक गोष्ट मात्र कोणताही उंदीर सांगू शकणार नाही. हैदराबादच्या ६४८ रुग्णांच्या अभ्यासात, जो डॉ. सुवर्णा अल्लाडी व सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केला, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंश सुमारे साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला आढळला, निरक्षरांतही. आमच्या सीमाभागात घरची मराठी आणि बाजारची कानडी यांत वाढलेल्या माणसाला हे ऐकून बरे वाटावे. गुरुजी अखेरच्या वर्षी मराठी शब्दांवर अडखळत, पण आजोळची कानडी बोलत, आणि शेजारच्या अक्का त्यांना तीतच उत्तर देत.

मी त्यांच्या कन्येला सांगितले, “बाई, वडिलांना झाला म्हणजे तुला होणारच असे नाही. धोका इतरांपेक्षा काहीसा अधिक, एवढेच. रक्तदाब आणि साखर सांभाळ, कानाला कमी ऐकू येते ते दाखवून घे.” जनुकाची चाचणी करावी का, असे तिने विचारले. कळून करण्यासारखे वेगळे काही आज नसेल तर मी करणार नाही, असे मी माझ्यापुरते म्हणालो. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग चहा आणावयास आत गेली. फडताळात अश्वगंधेच्या चूर्णाचा डबा होता, मुलाने बेळगावहून आणलेला. त्याविषयी मी काही बोललो नाही.