छपरावरचे शेवाळ आणि वर चढणारा माणूस
(शाखा कार्यकर्त्यांच्या सुरक्षा शिबिरातील भाषण)



पावसाळा सरला की जुन्या शेडची, क्वार्टरांची छपरे काळी-हिरवी दिसू लागतात. साहेबांची पाहणी ठरते आणि हुकूम सुटतो, "छप्पर घासून घ्या." भुसावळ असो, इटारसी असो की हुबळी, वर चढतो तो बहुधा ठेकेदाराचा माणूस. हातात तारेचा ब्रश, पायांत रबरी चप्पल.

डाग म्हणजे गळती नव्हे. शेवाळाचा जाड थर पन्हळीत पाणी अडवत असेल तर तो काढलाच पाहिजे. पण नुसत्या दिसण्यासाठी माणूस वर चढवायचा काय, हा प्रश्न युनियनने आधी विचारावा.

यांतली पुष्कळ छपरे ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्यांची आहेत. हा पत्रा जुना झाला की ठिसूळ होतो. दिसतो दगडासारखा, पण माणसाचे वजन पेलेल याचा भरवसा नाही. बोल्टांच्या रांगेवरून चाला, खाली पर्लिन आहे, असे काही मिस्त्री सांगतात. त्यावर विसंबू नका. शेवाळावरून पाय घसरला की रांग सुटलीच. पर्लिनांवर टेकतील अशा लांब फळ्या टाका, सेफ्टी बेल्टचा दोर खालच्या कैचीला बांधा. पत्र्याच्या हुकाला दोर बांधणे म्हणजे न बांधणेच! शक्य असेल तिथे पत्र्यावर पाऊल न ठेवता मचाणावरूनच काम करावे.

तारेचा ब्रश आणि जोराचा जेट दोन्ही बंद. त्यांनी पत्रा खरवडतो, ॲस्बेस्टॉसचे तंतू सुटतात, छातीत जातात. त्यातून कॅन्सर होतो आणि तो कित्येक वर्षांनी उघड होतो. तोंडाला बांधलेला रुमाल ते तंतू अडवत नाही. कामगाराचे आरोग्य हा त्याचा मूलभूत हक्क आहे, असे सुप्रीम कोर्टाने 1995 साली ॲस्बेस्टॉसच्याच खटल्यात सांगितले. ठेकेदाराच्या माणसालाही तो हक्क आहे.

मग करायचे काय? ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून निवळू द्यावी. वरचे निवळ पाणी हातपंपाने हलके फवारावे, पंधरा-वीस मिनिटे ठेवावे, मग साध्या पाण्याने धुवावे. डोळ्यांना चष्मा, हातांत रबरी मोजे. लोखंडी बोल्ट नीट धुवा, नाहीतर गंजतात. धुतलेले पाणी विहिरीत, टाकीत जाऊ देऊ नका. आणि संडासाचे ॲसिड त्यात कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो, माणूस गुदमरतो.

फलाटाच्या छपराची गोष्ट निराळी. तिथे शेजारी 25,000 व्होल्टची तार आहे. दोन मीटरच्या आत पॉवर ब्लॉक आणि लेखी परमिटशिवाय कोणी जायचे नाही, आणि पाण्याची धार तारेच्या दिशेने मारायचीच नाही. तोंडी "बंद आहे" चालणार नाही.

बेल्ट आणि फळ्या स्टोअरच्या रजिस्टरात असतात. प्रत्यक्षात आहेत का, हे प्रत्येक शाखा चिटणिसाने या महिन्यात जाऊन पाहावे आणि मला लेखी कळवावे.