लहान उपग्रहांचे स्वतंत्र वाहन
(शाळेच्या हीरक महोत्सवी विज्ञान सभेत मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



इस्रोने लहान उपग्रहांसाठी एक लहान प्रक्षेपक घडवला आहे. त्याचे नाव एसएसएलव्ही. आज मी त्याच्याविषयी बोलणार आहे.

इलेक्ट्रॉनिक उपकरणे आकाराने लहान होत गेली, तसे उपग्रहही लहान झाले. परंतु मोठ्या प्रक्षेपकावर लहान उपग्रह सहप्रवासी म्हणून जातो. मुख्य उपग्रह सिद्ध होईपर्यंत त्याने थांबावयाचे आणि त्याच्याच मार्गावर कोठेतरी उतरावयाचे. बस ठरलेल्या थांब्यावर सोडते. रिक्षा आपल्या वेळेला दारापर्यंत नेते. एसएसएलव्ही ही अवकाशातील रिक्षा होय. माणशी भाडे पाहिले तर भरलेली बस स्वस्त पडते, हे खरे. पण निकामी झालेल्या उपग्रहाच्या जागी दुसरा तातडीने पाठवावयाचा असेल, तर वेळेलाही मोल असते.

हा प्रक्षेपक ३४ मीटर उंच आणि सुमारे १२० टन वजनाचा आहे. ५०० किलोग्रॅमपर्यंतचे उपग्रह तो ५०० किलोमीटर उंचीवर नेऊ शकतो. त्याचे तिन्ही मुख्य टप्पे घन इंधनावर चालतात. हे इंधन आधीच भरून ठेवता येते, म्हणून उड्डाणाची तयारी लवकर होते. मात्र एकदा पेटलेले घन इंधन मध्येच विझवता येत नाही. त्यामुळे अखेरीस वेग नेमका साधण्यासाठी द्रव इंधनाचा एक छोटा विभाग जोडलेला असतो.

७ ऑगस्ट २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून त्याचे पहिले उड्डाण झाले. त्यात ‘आझादीसॅट’ हा सुमारे आठ किलोग्रॅमचा उपग्रह होता. देशभरातील ७५ सरकारी शाळांच्या ७५० मुलींचा त्याच्या घडणीत सहभाग होता. दुसरा टप्पा विलग होताना क्षणभर तीव्र कंपने झाली. त्यामुळे गतीतील बदल मोजणारे संवेदक बिघडले आहेत, असा निष्कर्ष यानावरील संगणकाने काढला आणि पर्यायी पद्धतीने उड्डाण पुढे चालवले. उपग्रह ज्या कक्षेत गेले, तिचे एक टोक पृथ्वीपासून अवघ्या ७६ किलोमीटरवर होते. तेथे वातावरणाचा विरोध होतो. उपग्रह टिकले नाहीत.

त्या मुलींना काय वाटले असेल, याची कल्पना शिक्षकाला सहज करता येते. परंतु पुढे जे घडले, ते अधिक महत्त्वाचे. इस्रोने अपयशाचे कारण जाहीर केले, टप्पा विलग करणारी यंत्रणा बदलली आणि संवेदक सदोष ठरवण्याचे निकष सुधारले. १० फेब्रुवारी २०२३ रोजी दुसरे उड्डाण यशस्वी झाले. त्यात ‘आझादीसॅट-२’ होता. १६ ऑगस्ट २०२४ रोजी तिसरे उड्डाणही सफल झाले.

विद्यार्थ्यांनो, अनुत्तीर्ण हा शब्द केवळ निकाल सांगतो, कारण सांगत नाही. कारण सापडले की सहा महिन्यांत पुन्हा उड्डाण करता येते.

पालकांनाही एक सांगावेसे वाटते. महाराष्ट्राबाहेरची आपली ही मराठी शाळा पटाने लहान आहे. लहान असणे म्हणजे दुसऱ्याच्या वाहनात उरलेली जागा मागणे नव्हे. आपल्या मापाचे वाहन आपणही घडवू शकतो. त्यासाठी शाळेची प्रयोगशाळा रोज उघडी राहिली पाहिजे.